पहिला अर्धा तास वर्गाला द्या : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : प्राथमिक शाळेत आनंदी वर्ग चालवण्याबाबत.

महोदय,

सस्नेह नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. पत्र पगाराचं, बदलीचं किंवा पेन्शनचं नाही. त्यासाठी आमच्या संघटना आहेत आणि त्या गप्प बसणाऱ्यांतल्या नाहीत. मला बोलायचंय ते वर्गाच्या चार भिंतींत रोज काय चालतं आणि तिथलं वातावरण कशानं सुधारतं याबद्दल.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले. कलम २९ म्हणतं की मूल भीती आणि दडपणापासून मुक्त असावं. उत्तमच झालं. पण छडी खाली ठेवा म्हणून सांगितल्यावर हातात काय घ्यायचं, हे आम्हाला कुणी वर्गात उभं राहून दाखवलं नाही. पालकांना तर अजून पटलेलं नाही. पोराला शाळेत सोडायला आलेला बाप दारातूनच ओरडतो, "बाई, दोन लावा त्याला, डोळे तेवढे सांभाळा." मग बऱ्याच शाळांत छडीच्या जागी आरडाओरडा आला, नाहीतर मॉनिटर आला. मॉनिटरने बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, ही आपल्याकडची सगळ्यात लाडकी आणि माझ्या मते सगळ्यात वाईट पद्धत. आठ वर्षांच्या लेकराला आपण हवालदार करतो. त्याच्याशी ज्याचं भांडण त्याचं नाव पहिलं, आणि ज्याने कालच बोरं दिली त्याचं नाव कधीच नाही.

चांगला वर्ग शिक्षकाच्या स्वभावावर अवलंबून असतो, असा एक समज आहे. 'त्या बाई मुळातच प्रेमळ आहेत हो.' हे खरं नाही. प्रेमळ माणसाच्या वर्गातही गोंधळ माजतो. वर्ग चालतो तो सवयींवर, आणि सवयी शिकता येतात. जून महिन्यात मी पहिलीच्या मुलांकडून चक्क सराव करून घेते : दप्तर कुठे ठेवायचं, पाण्याला कसं जायचं, लघवीला जाताना काय खूण करायची, खिचडीच्या रांगेत कुणाच्या मागे उभं राहायचं. कवायत करावी तसं पुन्हा पुन्हा. अभ्यासक्रम मागे पडतो म्हणून सुरुवातीला बोलणी बसतात, पण दिवाळीपर्यंत त्याची भरपाई होऊन जाते. सूचना करताना काय करायचं नाही याऐवजी काय करायचं ते सांगावं. "पळू नका" म्हटलं की पोरं पळतात. "भिंतीच्या कडेने चालत या" म्हटलं की निदान निम्मी तरी चालतात. आणि वर्ग शांत करायला आवाज चढवू नये, उलट उतरवावा. मी टाळ्यांचा एक ठेका धरते, मुलं तोच ठेका परत वाजवतात, आणि तिसऱ्या वेळी शांतता होते. घसाही वाचतो.

बहुवर्ग शाळेतल्या दंग्याचं मूळ एका प्रश्नात आहे. मी पहिलीच्या मुलांचा हात धरून अक्षर गिरवून घेत असते आणि दुसरीतलं कुणीतरी येऊन पदर ओढतं, "झालं बाई, आता काय करू?" या प्रश्नाला उत्तर नसेल तर पुढच्या दोन मिनिटांत कुणाचं तरी खोडरबर गायब होतं, कुणाची तरी वेणी ओढली जाते. म्हणून उत्तर आधीच तयार ठेवायचं. माझ्या वर्गाच्या एका कोपऱ्यात चिंचोक्यांचे डबे, मण्यांच्या माळा आणि गोष्टींची पुस्तकं आहेत. काम संपलं की विचारायचं नाही, कोपऱ्यात जायचं. चिंचोके दहा-दहाच्या ढिगात लावायचे, नाहीतर पुस्तक घेऊन पालथं पडायचं. नव्या शिक्षकांनी माझं बाकी काही ऐकलं नाही तरी हे जरूर करून बघावं.

कौतुकाबद्दलही थोडं. "शाब्बास, हुशार आहेस" हे मुलाला दोन मिनिटं पुरतं. "आज तुझं एकही अक्षर ओळीच्या खाली उतरलं नाही" हे आठवडाभर पुरतं, कारण काय जमलं हे त्याला कळतं. भिंतीवर नावांपुढे चांदण्या लावायचे तक्ते मात्र मला आवडत नाहीत. वरच्या तिघांना त्यांची गरज नसते आणि खालचे तिघे त्या भिंतीकडे बघायचंच सोडून देतात.

आता परिपाठ. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, सुविचार, दिनविशेष, बोधकथा. वर्षभर समोर उभी राहून बोलणारी तीच चार चुणचुणीत मुलं, आणि बाकीची उन्हात पाय बदलत उभी. हे बदलायला शासन निर्णय लागत नाही. तोंड न उघडणाऱ्या मुलीला रोज फक्त वार आणि तारीख सांगायचं काम द्या. "आज मंगळवार" एवढंच. ती पहिले काही दिवस ओठांतल्या ओठांत सांगेल, मग शेवटच्या रांगेला ऐकू जाईल इतकं सांगेल, आणि एक दिवस वार चुकला म्हणून दुसऱ्याला टोकेल. परिपाठानंतरची दहा मिनिटं मी मुलांच्या चेहऱ्यांवर घालवते. कोण उपाशी आलंय, कुणाच्या घरी रात्री भांडण झालंय, कुणाला ताप आहे, हे तेव्हाच कळतं. ज्या दिवशी हे होतं त्या दिवशी दुपारपर्यंत तक्रारी कमी येतात.

मंत्रिमहोदय, नेमका हाच वेळ आमच्या हातातून जातो. परिपाठ चालू असतानाच शिक्षकांच्या मोबाइल ग्रुपवर कार्यालयाचा निरोप येतो : 'तात्काळ', 'आज १२ वाजेपर्यंत', 'माहिती निरंक असल्यास निरंक कळवावे'. हीच माहिती यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत भरलेली असते, मागच्या महिन्यात एक्सेलमध्ये दिलेली असते, तरी पुन्हा लागते. सोबत फोटो. वृक्षारोपणाचा फोटो, हात धुण्याचा फोटो, आनंददायी शनिवारचा फोटो. मुलं आनंदात असली की त्यांना थांबवून फोटोसाठी ओळीत उभं करावं लागतं.

हिशेबच मांडते. पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन, असं शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची सांगते. रोजचा अर्धा तास माहितीत गेला तर वर्षाचे १०० तास झाले. म्हणजे अध्यापनाचा आठवा हिस्सा. आणि तोही दिवसाचा सगळ्यात ताजा हिस्सा. त्याच कायद्याचं कलम २७ शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अशैक्षणिक कामाला लावू नये म्हणतं. निवडणुकीचं काम आम्ही करतो, करत राहू. पण दोनशिक्षकी शाळेतला एक शिक्षक बाहेर गेला की उरलेल्याकडे चारही वर्ग येतात. त्या दिवशी शिकवणं दूरच, मुलांना सांभाळणं एवढंच काम उरतं, आणि माणूस ओरडायला लागतो तो बहुतेक त्याच दिवशी.

आमच्या भागाचं आणखी एक वेगळेपण आहे. दसरा-दिवाळीनंतर निम्मं गाव कोयता घेऊन ऊस तोडायला साखर कारखान्यांकडे जातं. आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, त्यांचा उपयोग होतो. पण लहान मुलं आईबापांबरोबर जातातच. ती पाडव्याच्या आसपास परत येतात तेव्हा वर्गात त्यांची जागा भरून गेलेली असते, आणि "कारखान्याची पोरं" असं कुणी म्हटलं की ती मागे जाऊन बसतात. माझा उपाय साधा आहे. त्यांची वही, खडूचा डबा, भिंतीवरचं नाव जागच्या जागी राहू द्यायचं. आणि पहिल्या आठवड्यात त्यांना शिकवायचं नाही, त्यांच्याकडून शिकायचं. कोपी, म्हणजे तिथली झोपडी कशी बांधतात, वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे पेंडे कसे विकतात, टायरगाडीत मोळ्या कशा रचतात की वाटेत ढासळत नाहीत. गेल्या खेपेला एका मुलाने मोळीचा हिशेब फळ्यावर मांडला आणि वर्षभर शाळेत बसलेली मुलं त्याला शंका विचारत होती. वाचनात तो मागेच होता, ते भरून काढायला पुढे दोन महिने लागले. पण शाळेत यायचं त्याने टाळलं नाही. अनुताई वाघांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली होती. आम्ही उसाच्या फडात शाळा नेऊ शकत नाही, निदान फड वर्गात येऊ द्यावा.

असलं काम परिपत्रकाने पसरत नाही, बघून पसरतं. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचे, म्हणजे त्या भागातल्या शाळांच्या गटाचे वर्ग बघायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून गेले होते. त्यातल्या ज्यांनी तासभर बसून मुलं कशी काम करतात ते पाहिलं, त्यांचे वर्ग बदलले. ज्यांनी फरशीवरच्या रंगीत रेखाटनांचे फोटो काढून आणले, त्यांच्या फरशा तेवढ्या रंगल्या. पुढे तपासणीलाही फरशीच विचारली जाऊ लागली.

म्हणून मागण्या थोड्या आहेत आणि त्यांना निधी जवळपास लागत नाही. शाळा भरल्यापासून पहिला अर्धा तास कोणत्याही कार्यालयाने शिक्षकाला निरोप, फोन किंवा लिंक पाठवू नये, असा आदेश काढा आणि तो तालुक्यापर्यंत पाळला जातो का ते बघा. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या शिक्षण परिषदेत आम्ही दिवसभर सतरंजीवर बसून पीपीटी बघतो. त्यातला अर्धा दिवस मुलं असलेल्या खऱ्या वर्गात मागे बसून, दुसरा शिक्षक काम करताना बघण्यासाठी द्या, आणि नंतर त्याच्याशी बोलायला तासभर. नवीन शिक्षकाला पहिल्या जूनमध्ये दोन आठवडे एखाद्या अनुभवी शिक्षकाच्या वर्गात बसू द्या. दोनशिक्षकी शाळेतला एकजण निवडणुकीसारख्या बाहेरच्या कामावर गेला तर केंद्रातून बदली शिक्षक मिळेल अशी सोय करा. केंद्रप्रमुखांना रजिस्टरं मोजण्याऐवजी एक पूर्ण तास वर्गात बसायला सांगा. त्यांच्यातले बरेच जण उत्तम शिक्षक होते, आता कारकून झालेत, आणि त्यांनाही त्याचं वाईट वाटतं.

आपण एकदा आमच्याकडे यावं. १५ ऑगस्टला नको, प्रवेशोत्सवालाही नको, तेव्हा फेटे आणि लेझीम असते. एप्रिलमध्ये या. कारखान्यावरून आलेली मुलं तेव्हा वर्गात असतात. शाळा सकाळची असते. आधी कळवू नका, कळवलंत तर आठवडाभर रंगरंगोटी चालेल आणि तेवढे दिवस शिकवणं बंद राहील. मागच्या सतरंजीवर बसा. मुलं थोडा वेळ बघतील, मग आपापल्या कामाला लागतील. कुणी येऊन "तुमचं झालं का, मग कोपऱ्यात जा" असं म्हणालं तर राग मानू नका.

आपली,
बीड जिल्ह्यातील एक प्राथमिक शिक्षिका