काठी देऊन गेलेल्या आजींना

तीर्थस्वरूप आजींना,
साष्टांग नमस्कार.

वडीलधाऱ्यांना पत्र लिहिताना आरंभी ‘तीर्थस्वरूप’ लिहिण्याची आमच्याकडे पद्धत आहे. हा शब्द मी आजवर सवयीने लिहीत आले. आज पहिल्यांदाच विचार करून लिहिला. तिथले यात्रेकरू देवळांत ठेवतात तशी लाल चिठ्ठी तुम्ही काठीला बांधून गेलात; तिच्यावर नाव, वय आणि गाव एवढेच आहे, घरचा पत्ता नाही, त्यामुळे हे पत्र टपालात न टाकता असे उघड लिहीत आहे.

जपानमधल्या शिकोकू बेटावरची ८८ देवळांची, सुमारे १,२०० किलोमीटरची परिक्रमा एकटीने पुरी करायची, असे ठरवून मी पुण्याहून निघाले होते. पहिल्या देवळाजवळ, र्‍योझेनजीला, पांढरा अंगरखा आणि गवती टोपी घेतली, काठी मात्र घेतली नाही. हात मोकळे असावेत हे एक कारण झाले. खरे कारण असे की काठी म्हातारपणी धरायची असते, अशी सत्तेचाळिसाव्या वर्षी माझी समजूत होती. अकराव्या फुजीइदेरापासून बाराव्या शोसानजीपर्यंतची वाट जेमतेम १३ किलोमीटरची, पण तिच्यातल्या चढांना तिथले लोक ‘यात्रेकरूंना गडगडवणारा चढ’ म्हणतात. त्या चढावर सकाळी मी तुम्हाला मागे टाकून पुढे गेले. तेव्हा मनात थोडी फुशारकी होती, हेही इथेच कबूल करते.

वाटेतल्या जोरेनआन या छोट्या देवळाच्या पायऱ्यांवर प्रचंड जपानी देवदाराखाली (सुगी) कोबो दाइशींचा, म्हणजे ज्यांच्या नावाने ही परिक्रमा करतात त्या बौद्ध भिक्षूंचा, उंच पुतळा आहे. तिथून उतरताना ओल्या पाचोळ्यावरून माझा पाय सटकला आणि गुडघा पिरगळला. फोनला रेंज नव्हती. तासाभराने तुमच्या काठीला बांधलेल्या घंटीचा आवाज वरून येऊ लागला, तेव्हा मला आनंदापेक्षा लाजच अधिक वाटली. तुम्ही काही विचारले नाही. शेजारी बसलात, गुडघ्याला रुमाल आवळून बांधलात, भाताचा गोळा मोडून त्यातला आंबट आलुबुखार असलेला अर्धा भाग माझ्या हातावर ठेवलात आणि खाणे झाल्यावर तुमची काठी माझ्या मुठीत दिलीत. मी चक्क मराठीत ‘नको, नको’ म्हणत राहिले. तोवर तुम्ही झाडांच्या बुंध्यांना धरत, आडवी पावले टाकत पुढे निघालाही होता.

त्या उतारानंतर पुन्हा चढ होता. मी घाई करू लागले की तुम्ही वाकून बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होता. चौथ्या वेळी माझ्या लक्षात आले की नाडी मुळीच सैल झालेली नव्हती. पाय मुरगळलेल्या माणसाला सल्ला देण्याचा मोह आमच्याकडे तरी कोणाला आवरत नाही. तुम्ही तो दिवसभर आवरलात, याचे आभार मला सर्वांत आधी मानायचे आहेत.

शोसानजीला तुम्ही प्रज्ञापारमिताहृदय हे बौद्ध सूत्र म्हणत होता. शेवटचे ‘ग्यातेइ ग्यातेइ हाराग्यातेइ... बोजी सोवाका’ कानावर पडताच मी दचकले, कारण ते आपले ‘गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा’ होते. मी संस्कृतात म्हणून दाखवले तेव्हा तुम्ही हात जोडून ते तीनदा म्हणायला लावलेत. माझे उच्चार काही फार शुद्ध नाहीत, पण त्या दिवशी खपून गेले.

संध्याकाळी कामियामातल्या मुक्कामी पोचल्यावर स्वतःचे बूट काढण्याआधी तुम्ही माझ्या हातातली काठी घेतलीत आणि तिचे झिजलेले, चिखलाने माखलेले टोक पाण्याने धुऊन कोरडे पुसलेत. दारी आलेल्याला पाय धुवायला पाणी द्यावे, तशी ती कृती होती. यात्रेकरू एकटा कधीच नसतो, काठी म्हणजे स्वतः दाइशी, हे तुम्ही मग फोनवरच्या भाषांतरातून समजावलेत. कडाक्याच्या थंडीत त्यांना कोणी आसरा दिला नाही, तेव्हा ते पुलाखाली झोपले होते. म्हणून पुलावरून जाताना काठी टेकायची नाही, हेही त्याच वेळी कळले. तुमची ही नववी फेरी आहे हे ऐकून मी कारण विचारले, तर पडद्यावर उत्तर उमटले: ‘आधीच्या आठ घाईत झाल्या.’ भाषांतर चुकले नसावे, कारण तुम्ही हसत होता.

पहाटे तुम्ही निघून गेला होता. काठी माझ्या खोलीच्या दाराशी टेकवलेली होती आणि तिला लाल चिठ्ठी बांधली होती. आठ फेऱ्या झाल्यावरच लाल चिठ्ठी वापरतात हे नंतर समजले. तुम्ही पुढे दुसरी काठी कुठे घेतलीत, की तशाच चालत राहिलात, हा प्रश्न मला अजून टोचतो. मी तेविसाव्या याकुओजीपर्यंत, म्हणजे परिक्रमेचा तोकुशिमा प्रांतातला पहिला टप्पा करून परतले. सगळी ८८ करण्याचा हट्ट सोडून दिला आणि त्याचे फारसे वाईट वाटले नाही.

काठी आता पुण्यात, आमच्या देवघराशेजारी असते. यंदा ती घेऊन माउलींच्या पालखीबरोबर वाल्ह्याहून लोणंदकडे चालत होते. नीरेच्या पुलावर मी ती उचलून धरली, तशी मागून येणाऱ्या वारकरी मावशींनी विचारले, “काठी का गं उचललीस?” मी म्हटले, “खाली कोणी झोपलेले असेल, मावशी.” त्यांनी कठड्यावरून खाली वाकून पाहिले आणि पूल संपेपर्यंत टाळ हळू वाजवले.

आपली नम्र,
पुण्याची वाटसरू