आबांच्या उसातला ठसा

भावा,

आबांच्या उसातल्या ठशाचा तुझा फोटो झूम करून बघितला. ग्रुपवर सगळे बिबट्या बिबट्या करायलेत, पण त्यात चारी बोटांपुढं नखांचे टोचे स्पष्ट उमटलेत की लेका! बिबट्या चालताना नखं आत ठेवतो, फार निसरडा चिखल असला तरच कधी बाहेर दिसतात. मला तर ते कुत्रंच वाटतंय.

गंमत म्हणजे नखं आत राहायला मांजराला काही करावंच लागत नाही, लवचिक स्नायुबंध ती आपोआप मागं ओढून धरतात, बाहेर काढायलाच जोर लावावा लागतो, म्हणून ती घासत नाहीत आणि टोक शाबूत राहतं. कुत्र्याची कायम बाहेर, त्यामुळं बोथट. आणि वाघ-बिबट्या झाडाला ओरबाडतात ना, ते धार लावणं विळ्याला लावल्यासारखं नसतं, नखाचं जुनं टरफल निघून पडतं, आत नवं टोकदार तयारच असतं. आमच्या मनीनं सोफ्याची वाट लावली तिथं मला अशी टरफलं सापडतात. मागच्या पायांची तर ती दातांनी चावून काढते. शिवाय पंज्यातल्या ग्रंथींचा वास त्या झाडाला लागतो, म्हणजे 'हा एरिया माझा' हा बोर्डच.

पण खरा वेगळा चित्ता. नखांवर कातडीची म्यानच नाही, ती बाहेरच राहतात आणि पळताना रनिंग शूजच्या स्पाइक्सचं काम करतात, फक्त पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला वर असतं ते नख जमिनीला लागत नाही, ते आकडीसारखं धारदार, त्यानं पळतं हरीण अडकवून पाडतो. कोल्हापूरकरानं हे सांगायलाच पाहिजे, कारण आपल्या संस्थानात चित्ते पाळून काळवीटाच्या शिकारीला सोडायचे, आफ्रिकेतून आणायचे, सांभाळायला चित्तेवान असायचे. 2022 ला कुनोत चित्ते आले तेव्हा सगळा देश नवल करत होता, आपल्याकडं मात्र जुनी माणसं निवांत. अस्वलाचा विषय वेगळाच, त्याची लांबलचक नखं वारूळ उकरायला, आत घ्यायची सोयच नाही.

आबांना सांग, परत ठसा दिसला तर शेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा, नाहीतर साइझ कळत नाही. आणि रात्री मोटर चालू करायला एकटं जाऊ नका म्हणावं, हा ठसा कुत्र्याचा असला तरी पन्हाळ्याच्या बाजूला बिबट्या आहेच.

तुझाच,
बंड्या