दवाखान्यातल्या पेशंटची पावलं मोजायला पायाला लावायचे सेन्सर घ्यायचेत, हातभार लावा मंडळी

नमस्कार, आपल्या ज्येष्ठ नागरिक संघातर्फे लिहितोय, जरा सवडीने वाचा.

संघातले एक काका मागच्या पावसाळ्यात न्युमोनियाने अ‍ॅडमिट झाले, रिक्षातून उतरून स्वतःच्या पायाने वॉर्डात गेले. छाती बरी झाली पण आठ दिवसांनी घरी आणलं ते दोघांनी धरून, कारण सलाईन, कॅथेटर (लघवीची नळी) आणि भेटायला जाणारे आम्ही सगळे 'पडून रहा, आराम करा' म्हणणारे. डॉक्टरांनी चालवा म्हणून सांगितलं होतं हो! पण सिस्टरला वाटायचं घरचे चालवतात आणि घरच्यांना वाटायचं सिस्टर चालवतात, मोजलं कुणीच नाही.

हे सगळीकडेच होतं. अमेरिकेत अलाबामात ६५ च्या पुढच्या ४५ पेशंटच्या मांडीला न घोट्याला सेन्सर लावून बघितलं, आधी चालती-फिरती असलेली माणसं, तरी ८३ टक्के वेळ पलंगावर आडवी आणि उभं राहणं-चालणं मिळून दिवसाला जेमतेम ४३ मिनिटं. २००९ चा अभ्यास आहे. आणि धडधाकट वयस्कर माणूससुद्धा १० दिवस झोपून राहिला तर पायांचे साधारण किलोभर स्नायू जातात. इस्रायलच्या अभ्यासात तर दिवसाला ९०० पावलांच्या आत राहिलेल्यांची तब्येत जास्त खालावलेली दिसली, ९०० म्हणजे व्हरांड्यात थोड्या फेऱ्याच की.

म्हणून आपल्या सरकारी दवाखान्यातल्या वॉर्डासाठी १० सेन्सर घेतोय. घोट्याला बांधायचे, मनगटाचा पट्टा नको, कारण वॉकर धरला की हात हलत नाही आणि पावलं मोजलीच जात नाहीत. रोज संध्याकाळी आकडा पलंगाजवळच्या कागदावर लिहायचा, म्हणजे मुलगा-सून आले की त्यांनाही दिसेल आज आई किती चालली. कॅमेरा नाही, रेकॉर्डिंग नाही आणि पेशंट हो म्हणाला तरच लावायचा.

चार सेन्सरचे पैसे सभासदांनी जमवलेत, सहाचे बाकी आहेत. कोटेशन संघाच्या ऑफिसात आहे, येऊन बघा, शंभर रुपये दिले तरी पावती मिळेल. घरात वापरात नसलेला वॉकर असेल तर तोही द्या, खालचे रबर झिजले असतील तर आम्ही बदलून घेऊ.

आणि पैशापेक्षा जास्त गरज माणसांची आहे. डॉक्टरांनी परवानगी दिलेल्या पेशंटसोबत रोज ४ ते ५ या वेळेत चालायला, सलाईनचा स्टँड धरायला कोणी येणार असेल तर नाव आणि वार ऑफिसात लिहून जा, कसं धरायचं ते फिजिओथेरपिस्ट मॅडम आधी शिकवतील.