क्रूझवर मीटिंग ठेवताय? आधी हे विचारून घ्या

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

हल्ली मुंबई-गोवा क्रूझवर डीलर मीट, दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर असं सगळंच व्हायला लागलंय आणि ते छानच आहे, सगळी मंडळी एका जागी सापडतात, मधेच कोणी घरी पळत नाही. पण आमच्या ग्रुपचं बुकिंग करणाऱ्या एजंटने महत्त्वाचं काहीच सांगितलं नव्हतं म्हणून हे लिहितेय.

जहाज म्हणजे हॉटेल नाही हो. निघायच्या सुमारास सेफ्टी ड्रिल, म्हणजे संकटात काय करायचं याची तालीम, प्रत्येकाला कंपल्सरी असते, आंतरराष्ट्रीय नियमच आहे तो, आणि आमचं उद्घाटन नेमकं त्याच वेळेला ठेवलेलं! पाहुणे भाषणाला उभे राहिले आणि भोंगा वाजला, सगळा हॉल रिकामा. दीपप्रज्वलनासाठी समई, वाती, तेल सगळं घरून नेलेलं, पण उघडी ज्योत जहाजावर चालतच नाही, शेवटी बॅटरीचे दिवे लावले. किनारा सुटला की मोबाईलची रेंजही जाते, त्यामुळे प्रेझेंटेशन पेनड्राइव्हवरच न्या. गोव्यात जहाज मुरगावला लागतं, पणजीत नाही, तेव्हा तिथे उतरून कार्यक्रम करायचा असेल तर गाडीचा वेळ आधीच धरा. आणि पावसाळ्यातल्या तारखा तर नकोच, समुद्र खवळलेला असतो.

एजंट लोकांनी ॲडव्हान्स घेण्याआधी हे सगळं मराठीत लेखी द्यावं, एवढीच कळकळीची मागणी आहे.

– एक वाचक, डोंबिवली