घरची बिअर आणि विषारी दारू यांची गल्लत नको

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

घरी बिअर कशी करावी हे दाखवणाऱ्या व्हिडिओंबद्दलचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. तरुण मुलांना सावध करण्याचा लेखकाचा हेतू मला पटतो. पण त्याच लेखात 2015 च्या मालाड-मालवणीच्या विषारी दारूकांडाचा दाखला दिला आहे आणि घरची बिअर म्हणजे त्याच वाटेवरचे पहिले पाऊल, असा निष्कर्ष काढला आहे. त्याला माझी हरकत आहे. मी मूळची तासगावची. अन्नतंत्रज्ञान शिकले, लग्नानंतर इंग्लंडला आले आणि बरीच वर्षे शेफील्डमध्ये राहते. इथे घरी बिअर करणे कायदेशीर आहे आणि मी ती मनापासून करते.

मालवणीत शंभराहून अधिक माणसे गेली ती मिथेनॉलने. हे मिथेनॉल कारखान्यांत वापरायचे रसायन आहे. स्वस्तात नशा वाढवायला ते दारूत मिसळले गेले. शरीरात गेल्यावर त्याचे आधी फॉर्मल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते. डोळ्यांची नस जळते, रक्त आम्लयुक्त होते आणि माणूस दगावतो. धान्य आंबवताना मिथेनॉल जवळपास तयारच होत नाही. ते मुख्यतः फळांमधल्या पेक्टिन नावाच्या चिकट द्रव्यापासून येते आणि बार्लीत पेक्टिन अगदी नगण्य असते. शिवाय बिअर गाळली जात नाही, म्हणजे तिचे ऊर्ध्वपातन होत नाही. भट्टी नाही, वाफ नाही, नळी नाही. जे आंबते तेच बाटलीत जाते. ज्यांची माणसे मालवणीत गेली त्यांचा राग त्या मिथेनॉल विकणाऱ्यांवर राहिला पाहिजे. तो भलतीकडे वळवणे मला अन्याय वाटते.

बिअर होते तरी कशी, हे सांगायला हवे, कारण आपल्याकडे यातले निम्मे काम घराघरांत होत आले आहे. बाळासाठी नाचणी सत्त्व करताना आपण नाचणी भिजवतो, फडक्यात बांधून मोड आणतो, वाळवतो आणि दळतो. बार्लीचे माल्ट याच रीतीने होते. मोड येताना दाण्यात विकरे, म्हणजे एन्झाइम, तयार होतात. माल्ट भरडून 65 ते 67 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवले की ही विकरे पिठूळपणाची, म्हणजे स्टार्चची, साखर करतात. आयोडीनचा थेंब टाकून पाहायचे, निळा रंग आला नाही, म्हणजे स्टार्च उरला नाही, की काम झाले. मग ते गोड पाणी चोथ्यातून काढून घेऊन तासभर उकळायचे, हॉप्स घालायचे, झटपट थंड करायचे आणि यीस्ट सोडायचे. सुरुवातीला घातलेले हॉप्स कडूपणा देतात, शेवटी घातलेले सुवास. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुले. आपल्या देशात ती हिमाचलातल्या लाहौलच्या खोऱ्यात पिकतात.

माझा जीव खरा रमतो तो ज्वारीच्या प्रयोगात. वीस लिटरला मी तीन किलो बार्लीचे माल्ट आणि एक किलो मोड आणलेली मालदांडी ज्वारी घेते. ज्वारीचा स्टार्च बार्लीपेक्षा जास्त तापमानाला फुलतो, म्हणून ती आधी भरडून कण्यांसारखी वेगळी शिजवावी लागते. शिजताना तिची स्वतःची विकरे मरतात, पण पुढचे काम बार्लीची विकरे निभावतात. मग मोड कशाला आणायचे? चवीला. मोड आणून, वाळवून, जराशी भाजलेली ज्वारी बिअरला जो खमंगपणा देते तो साध्या ज्वारीने येत नाही. मात्र इथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाळायची. ज्वारीच्या कोंबात धुरिन नावाचे द्रव्य असते, त्यातून सायनाइड सुटते. कोवळ्या ज्वारीने गुरांना विषबाधा होते हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. म्हणून दाणे कडक वाळवून कोंब आणि मुळ्या चोळून पाखडून टाकायच्या, आणि मगच भाजायचे, शिजवायचे. उकळी संपायच्या पाच मिनिटे आधी थोडे भरडलेले धणे घालते. बेल्जियममधल्या गव्हाच्या बिअरमध्ये संत्र्याच्या सालीबरोबर धणे घालतात, तिथून ही कल्पना घेतली. शेफील्डचे पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचे, आहे, त्यामुळे अशी फिकट, हलकी बिअर इथे छान उतरते. इंग्लंडमधल्याच बर्टन गावचे पाणी जिप्समने जड, म्हणून तिथली पेल एल ही कडवट बिअर नावाजली. पाण्याने एवढा फरक पडतो हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हते.

जर्मनीत गोझ नावाची आंबट बिअर आहे, तिच्यात मीठ आणि धणे असतात. त्याच धर्तीवर मी बिनमिठाच्या कोकमाची करून पाहते आहे. रंग सुरेख येतो. आंबटपणा कधी कमी, कधी फार होतो. प्रत्येक वेळी वहीत प्रमाण लिहिते.

धोके नाहीत असे मी म्हणत नाही. आंबणे पूर्ण व्हायच्या आत बाटल्या भरल्या तर आत वायू कोंडून काच फुटते आणि माणूस जखमी होऊ शकतो. त्याला उपाय हायड्रोमीटर, म्हणजे पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता मोजणारे साधन. साखर आंबत जाते तसा त्याचा आकडा उतरतो. माझी ज्वारीची बिअर 1.045 पासून सुरू होते. काटा 1.010 च्या आसपास दोन-तीन दिवस हलला नाही की मगच फेसापुरती मोजून साखर घालून बाटल्या भरायच्या. तेव्हा मद्यार्क साधारण साडेचार टक्के असतो. स्वच्छतेत कसूर झाली तर बिअर आंबट होते, ओतून द्यावी लागते. पण आम्लता, मद्यार्क आणि हॉप्स यांच्यामुळे रोगजंतू तिच्यात सहसा तग धरत नाहीत. तापमान हाही प्रश्न आहे. एल प्रकारच्या बिअरच्या नेहमीच्या यीस्टला 18 ते 22 अंश लागतात. तासगावच्या उन्हाळ्यात ते फ्रिजशिवाय जमणार नाही. नॉर्वेतल्या शेतकऱ्यांनी जपलेले क्वाइक जातीचे यीस्ट मात्र 35 अंशालाही चांगले काम करते.

आता कायद्याबद्दल. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा 1949 च्या दारूबंदी कायद्याच्या कलम 65 खाली गुन्हा आहे. तो मोडा असे मी कुणालाही सांगणार नाही. माझे म्हणणे आहे की हा कायदा बदलावा. ब्रिटनमध्ये 1880 पासून घरी बिअर करायला परवाना लागे, तो 1963 मध्ये रद्द झाला. अमेरिकेत अध्यक्ष कार्टर यांनी 1978 मध्ये कायद्यावर सही केली आणि एका प्रौढ माणसाला वर्षाला 100 गॅलन, म्हणजे सुमारे 380 लिटर, घरच्यापुरती बिअर करमुक्त झाली. दोन्ही देशांत परवान्याशिवाय घरी दारू गाळणे आजही गुन्हा आहे. रेष नेमकी कुठे ओढायची हे त्यांना कळले. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा या बिअर कंपनीचे केन ग्रॉसमन घरी बिअर करणाऱ्यांना सामान विकायचे दुकान चालवत, तिथून 1980 मध्ये त्यांची ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, उभी राहिली. आपल्या पुण्यात 2009 मध्ये 'डूलाली' ही छोटी ब्रुअरी सुरू झाली, म्हणजे छोट्या प्रमाणावरची बिअर राज्याला परकी नाही. आपला कायदाही बिअर आणि कडक दारू यांत फरक करतो. एकीला वयाची अट 21, दुसरीला 25.

बाटली आडवी करायला गावोगाव मतदानाला उतरलेल्या बायकांबद्दल मला नितांत आदर आहे. त्यांनी संसार वाचवले आहेत. म्हणून दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांत काहीही सैल करू नये. इतरत्र राज्य उत्पादन शुल्क विभागाने फक्त आंबवलेल्या पेयांसाठी, घरटी वर्षाला ठरावीक लिटरची मर्यादा घालून, नोंदणी करून परवानगी द्यावी. विक्री नाही, गाळणे नाही, 21 च्या आत कुणाच्या हाती देणे नाही. मर्यादा अमेरिकेच्या एक-चतुर्थांश ठेवली तरी चालेल. आणि आपल्या पुरवणीने पुढच्या वेळी मिथेनॉल कुठून येते, त्याची चोरटी विक्री कशी होते, यावर एक सविस्तर लेख द्यावा, ही विनंती.

आपली एक वाचक,
शेफील्ड (मूळ तासगाव, जि. सांगली)