पात्यापेक्षा जाड रिव्हिंग नाइफ, आणि वर ‘काढून टाका’ हा सल्ला

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: टेबल सॉसोबत न जुळणारं पातं आल्याबद्दल व सेवा केंद्राने दिलेल्या धोकादायक सल्ल्याबद्दल तक्रार

महोदय,

दिवाळीच्या सुमारास मी आपल्या संकेतस्थळावरून 10 इंची टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्यावर लाकूड कापायचं यंत्र, मागवला. किंमत 38,500 रुपये, सगळे पैसे आगाऊ भरले. मागच्या पडवीत माझं छोटं वर्कशॉप आहे. सुतारकाम हा माझा धंदा नाही, हौस आहे. पण हौशी माणसालाही बोटं दहाच असतात.

निम्म्या किमतीत टेबलाखाली उलटा बसवलेला सर्क्युलर सॉ मिळत होता. ओळखीचे सुतार तसलाच वापरतात. दुसऱ्या टोकाला, बोट टेकताच पातं थांबवणारी यंत्रं अमेरिकेत मिळतात. तिथवर माझी ऐपत नाही. मधल्या दरातलं आपलं यंत्र निवडलं ते केवळ पात्याबरोबर वरखाली होणाऱ्या रिव्हिंग नाइफसाठी, म्हणजे पात्याच्या मागे उभ्या असणाऱ्या, कापलेल्या फटीत शिरणाऱ्या पत्र्यासाठी. जाहिरातीत आपणही तोच ठळक अक्षरांत मिरवला आहे.

खोक्यातून आलेल्या पात्यावर कोरलंय 2.4/1.6, म्हणजे दात्यांची रुंदी 2.4 मिमी आणि चकतीची जाडी 1.6 मिमी. नाइफवर कोरलंय 2.5. खात्रीसाठी व्हर्नियर लावून पाहिला, आकडे तेच. 2.4 मिमीच्या फटीत 2.5 मिमीचा पत्रा शिरणार कसा? नाइफ चकतीपेक्षा जाड आणि दात्यांच्या कापापेक्षा पातळ हवा, असं आपल्याच माहितीपुस्तिकेत छापलंय, आणि तिथे पातं 2.8 मिमी कापाचं दिलंय. पॅकिंग करताना भलतंच पातं टाकलं गेलं, हे उघड आहे.

पहिल्यांदा सागाची फळी लावली. पात्यातून सुरळीत गेली, नाइफला टेकली आणि अडकली. जोर लावावा तर हात पात्याकडे जातात. मागे ओढावी तर पलीकडून वर येणारे दाते फळी पकडतात. यंत्र बंद केलं तोवर कापाच्या दोन्ही कडा काळ्या पडल्या होत्या आणि पडवीभर जळक्या लाकडाचा वास सुटला होता.

सेवा केंद्रातल्या गृहस्थांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सर, तो नाइफ काढून टाका ना. सगळे काढूनच चालवतात.” माझी खरी तक्रार या वाक्याबद्दल आहे. यंत्रावरच्या पट्टीनुसार पातं मिनिटाला 4300 फेरे घेतं. 10 इंची पात्याच्या कडेचा वेग त्या हिशेबाने ताशी 200 किलोमीटरच्या वर जातो. लाकडात ताण असला की कापल्यावर फट मिटते आणि मागचे दाते फळी उचलून चालवणाऱ्याच्या पोटावर भिरकावतात. ती फट उघडी ठेवायला नाइफ असतो. ज्यासाठी मी पैसे मोजले, तोच भाग काढून फेकायला कंपनीचा माणूस सांगतो, याला काय म्हणावं?

“मग बाजारातून जाड पातं घ्या,” हा दुसरा उपाय. तोही करून पाहिला. इथल्या दुकानात मिळाली ती पाती 25.4 मिमी भोकाची, आणि आपल्या यंत्राचा दांडा 30 मिमीचा. दुकानदार लेथवर भोक वाढवून द्यायला तयार होता. मी नको म्हटलं. केसभर जरी केंद्र सरकलं तर पातं थरथरत फिरणार, आणि त्याच्यासमोर उभं मला राहायचंय.

फेन्स, म्हणजे फळी टेकवून सरकवायची सरळ पट्टी, तीही मागच्या बाजूला पात्याकडे झुकलेली होती. बोल्ट सैल करून मीच सरळ केली. या किमतीत एवढं चालायचंच, त्याबद्दल तक्रार नाही.

30 मिमी भोकाचं, 2.8 मिमी कापाचं आणि 2.5 मिमीपेक्षा पातळ चकतीचं पातं आपल्या खर्चाने पाठवावं. ते जमत नसेल तर यंत्र घरून उचलून न्यावं आणि पूर्ण पैसे परत करावेत. नाइफ काढण्याचा सल्ला चुकीचा होता, हे मला लेखी कळवावं आणि सेवा केंद्रालाही बजावावं. माझ्याच लॉटमधली इतर खोकीही तपासा. ज्याच्याकडे व्हर्नियर नाही तो नाइफ काढून मोकळा झाला असेल.

ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात अपेक्षित आहे. तसं न झाल्यास 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली मी राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे जाईन. आपल्या शहरापर्यंत खेटे घालायची मला गरज नाही. तोवर यंत्राचा प्लग काढून ठेवला आहे.

आपला ग्राहक,
सांगली

सोबत: पावतीची प्रत, पातं व नाइफ यांचे व्हर्नियर लावून काढलेले फोटो, पुस्तिकेतल्या संबंधित पानाचा फोटो.