वळणावर कुरकुर, सरळ रस्त्यावर गप्प

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरातलं गाड्यांचं पान मी न चुकता वाचतो आणि वाचून झालं की दरवेळी बायकोला ऐकवतो, की यात सनरूफ आहे, टचस्क्रीन किती इंची ते आहे, शून्य ते शंभर किती सेकंदात ते पण आहे, पण गाडी घेऊन चार वर्षं झाल्यावर खालून आवाज यायला लागला तर माणसाने काय करायचं याची एक ओळ नाही. ती म्हणाली मग तुम्हीच लिहा की, मला कशाला सांगताय. म्हणून लिहितोय. लांबेल थोडं, काटछाट केलीत तरी चालेल, फक्त ऑइलचा ग्रेड कापू नका.

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मागच्या चाकांवर चालणारी आहे, गरजेपेक्षा जरा जास्तच ताकदीची आहे, सेकंडहँड घेतलीये, आणि कोथरूडमध्ये असली गाडी कशाला हवी हा प्रश्न आमच्या तीर्थरूपांनी ऑलरेडी विचारून झालाय, तेव्हा वाचकांनी परत विचारू नये.

आमच्या सोसायटीचं पार्किंग तळघरात. रॅम्प गोल फिरत खाली जातो आणि माझी जागा अशा कोपऱ्यात की स्टिअरिंग फुल्ल मारल्याशिवाय गाडी आत बसतच नाही. तर तिथे वळताना मागून गर्रर्र, कट कट कट असा आवाज यायला लागला, आणि नुसता आवाज नाही तर सीटखाली हादरा, म्हणजे मागचं एक चाक जायला तयार नाहीये आणि दुसरं त्याला ओढून नेतंय असं काहीतरी. वर आलो, पौड रोडला लागलो की एकदम गप्प. खंबाटकीपर्यंत जाऊन आलो मुद्दाम, काही नाही. परत रॅम्पवर आलो की सुरू. वॉचमन म्हणाला, साहेब, गाडी दळतीये. तेव्हा मला राग आला होता, पण आता वाटतं की नंतरच्या टायवाल्यापेक्षा तोच जास्त बरोबर होता, कारण आवाज कुठे येतो आणि कुठे येत नाही हे रोज बघणारा तो एकटाच होता.

टायवाला म्हणजे सर्व्हिस अॅडव्हायझर. मोठं काचेचं वर्कशॉप, नाव नको, कॉफी चांगली होती. त्याने समोरच्या सरळ रस्त्यावर एक चक्कर मारली, टॅबवर काहीतरी टिकमार्क केलं आणि म्हणाला, सर डिफरन्शियल गेलंय, असेंब्ली बदलावी लागेल, ४ लाख ८० हजार, प्लस जीएसटी. (डिफरन्शियल, थोडक्यात डिफ, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला गिअरचा डबा.) मी विचारलं, आत ऑइल कोणतं आहे, शेवटचं कधी बदललंय, एकदा काढून बघितलं का? तर म्हणे सर ते लाइफटाइम असतं, बदलत नसतात. आता गंमत बघा, बीएमडब्ल्यूच्या एम गाड्या नव्याकोऱ्या असताना पहिल्या २००० किलोमीटरच्या सर्व्हिसलाच मागच्या डिफचं ऑइल काढून नवीन भरतात, कारण नवीन दात एकमेकांत बसताना जो चुरा निघतो तो आत ठेवायचा नसतो. म्हणजे ज्यांना ताकदीच्या गाड्या कळतात त्यांना हे ऑइल बदलायची वस्तू वाटते आणि आमच्याकडे ते जन्माला एकदाच.

गाडी घेऊन परत आलो. नाना पेठेत एका पार्टच्या चौकशीला गेलो होतो तिथल्या दुकानदाराने एका फिटर काकांचा पत्ता दिला, एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झालेले, आता हडपसरच्या पुढे पत्र्याची शेड आणि एक पिट, म्हणजे गाडीखाली उतरायचा खड्डा. मी आधीच सांगितलं की काका गाडी इम्पोर्टेड आहे हां. ते म्हणाले, क्राऊन-पिनियन तिकडं पण गोलच फिरतं ना? (क्राऊन-पिनियन म्हणजे डिफमधली दातेरी चाकांची जोडी.) मग शेजारी बसले आणि आवारातच फुल्ल स्टिअरिंगवर तीन गोल मारायला लावले. तिसऱ्या गोलाला म्हणाले, थांबवा. दात गेले असते तर सरळ रस्त्याला रडली असती, फक्त वळणावर कशाला रडेल? हा दातांचा आवाज नाही, प्लेटांचा आहे. मागचं बिल आणा.

प्लेटांचं प्रकरण असं, की वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जायचं असतं आणि आतल्याला कमी. विसर्जनाला ढोलपथक बेलबाग चौकातून लक्ष्मी रोडला वळताना बघा, आतल्या बाजूचा वादक जवळजवळ जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरच्या बाजूचा पळतो, तेव्हा कुठे रांग सरळ राहते. दोन चाकांना असं वेगवेगळं फिरू देणं हे डिफरन्शियलचं काम. पण साध्या डिफमध्ये एक घोळ आहे, एक चाक घसरायला लागलं की सगळी ताकद तिकडेच वाया जाते. म्हणून ताकदीच्या गाड्यांत लिमिटेड स्लिप डिफ टाकतात, म्हणजे रांगेतल्या दोन टोकांच्या पोरांच्या कमरेला दोरी बांधल्यासारखं, एक जण घसरून सुटला तर दुसऱ्याला ओढ बसते. माझ्या गाडीत ही दोरी म्हणजे एकावर एक बसवलेल्या क्लच प्लेटा, त्याच ऑइलमध्ये बुडालेल्या. हळू वळताना या प्लेटांनी एकमेकींवरून अलगद सरकलं पाहिजे. ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर नावाची वस्तू असेल तर त्या सरकतात, नसेल तर पकडतात, सुटतात, परत पकडतात, आणि तेच ते कट कट कट. (सगळ्या लिमिटेड स्लिपमध्ये प्लेटा नसतात, टॉर्सन नावाच्या प्रकारात नुसते गिअरच असतात, त्याला हे मॉडिफायर लागत नाही, तेव्हा आधी आपल्या गाडीत काय आहे ते मॅन्युअलमध्ये बघा.)

घरी येऊन फाईल काढली. मागच्या वर्षी दुसऱ्याच एका गॅरेजला सर्व्हिस केली होती, त्या बिलावर साधं एका ओळीत, गिअर ऑइल ९०, २ लिटर. म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट ९० नंबर म्हणतात ते, टेम्पोपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळीकडे ओततात ते. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय, सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० (हा घट्टपणाचा नंबर), जीएल-५ (हा दाब सोसायचा दर्जा), आणि वर मॉडिफायर. त्यांनी मॉडिफायर टाकलंच नव्हतं, आणि आवाज बरोबर त्या सर्व्हिसनंतर महिना-दीड महिन्याने सुरू झाला होता, मीच कधी जोडून बघितलं नव्हतं. म्हणजे हा आवाज मी पैसे देऊन, सही करून घरी आणला होता.

आता जीएल-५ च का, तर या डिफमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्यावर बसत नाही, मुद्दाम खाली सरकवलेला असतो, त्याला हायपॉइड म्हणतात. त्याने शाफ्ट खाली जातो, दात मजबूत होतात, पण ते दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, दाबून घासत सरकतात, पाट्यावर वरवंटा ओढल्यासारखे. त्या दाबाखाली साध्या ऑइलचा थर टिकत नाही म्हणून जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची संयुगं घातलेली असतात, ती दातांवर स्वतःचा एक पातळ थर धरतात. गंधक म्हणूनच त्याला तो सडक्या अंड्यासारखा वास. तीन दिवस हाताचा जात नाही, घरात लिंबू संपली. आणि हो, जीएल-५ भारी म्हणून मॅन्युअल गिअरबॉक्समध्येही तेच ओतायचा मोह होतो, तिथे जीएल-४ लिहिलेलं असेल तर नका ओतू, गिअर सहज पडावा म्हणून आत पितळी सिंक्रो रिंगा असतात, त्यांना ते मानवत नाही.

काम बघायला मी पिटमध्येच उतरलो होतो. आधी १०-१२ किलोमीटर चालवून आणली, गरम ऑइल पातळ होतं आणि गाळ सोबत घेऊन पडतं. मग काकांनी पहिल्यांदा वरचा, भरायचा बोल्ट सोडवला, खालचा नाही. मी विचारलं का, तर म्हणाले खालचा सोडून ऑइल सगळं सांडलं आणि मग वरचा जाम निघाला तर गाडी काय ढकलत नेणार? हे एक वाक्य मला त्या काचेच्या वर्कशॉपच्या सगळ्या टॅबपेक्षा मोलाचं वाटतं. ज्यांच्याकडे पिट नाही त्यांनी गाडी चारही बाजूंनी सारखी उचलून स्टँडवर घ्यावी, एकच बाजू वर राहिली तर लेव्हल चुकते, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कृपा करून खाली शिरू नका.

ऑइल काळं निघालं, जळकट वासाचं. खालच्या बोल्टला लोहचुंबक असतो, त्यावर काजळासारखी करडी पेस्ट होती, काकांनी ती दोन बोटांत चोळली, उजेडात धरली आणि म्हणाले, वाचलात. पेस्ट नॉर्मल असते. चमचमणारे कण किंवा दाताचा टवका निघाला असता तर मग डिफ खोलण्याशिवाय इलाज नव्हता. नवीन वॉशर लावून खालचा बोल्ट बंद केला, आणि आधी मॉडिफायर आत घातलं, साधारण १२० मिली, आणि मग ऑइल. उलटं केलं तर ऑइलनेच लेव्हल भरते आणि बाटलीला जागा उरत नाही. वरच्या भोकातून ऑइल हलकंसं ओघळायला लागलं की भरलं, डिपस्टिक वगैरे काही नाही. माझ्या गाडीला जेमतेम दीड लिटर लागलं. काही कंपन्यांच्या ऑइलमध्ये मॉडिफायर आधीच घातलेलं असतं, डबा नीट वाचा, कारण वरून अजून ओतलं तर प्लेटा इतक्या गुळगुळीत सरकतात की लिमिटेड स्लिप नुसतं नावाला राहतं. ऑइल, बाटली, वॉशर आणि काकांची मजुरी धरून सहा हजारांच्या आत.

पण आवाज लगेच गेला नाही. नवीन ऑइल प्लेटांच्या मधे शिरायला हवं, त्यासाठी मोकळ्या जागेत हळूहळू आठ काढायचे असतात, इंग्रजी आठ. रविवारी सकाळी एका मैदानावर गेलो. आळंदी रोडच्या आरटीओ ट्रॅकवर टू-व्हीलरचा आठ काढला होता त्यानंतर आयुष्यात पहिल्यांदा, आणि तो पण या गाडीने. पहिले तीन आठ तसेच कटकटत गेले, मी मनातल्या मनात ४ लाख ८० हजार मोजायला लागलो, पाचव्या-सहाव्याला आवाज दबला, दहाव्याला काही नाही. एक आजोबा वॉक थांबवून बघत होते, शेवटी जवळ आले आणि म्हणाले, एवढी गाडी घेतली, लायसन नाही का अजून?

आता याला दोन महिने झालेत. सकाळी थंड गाडी रॅम्पवर घेतली की पहिल्या वळणाला कधीतरी एखादा बारीक कट् येतो, तेवढंच.

हे वाचून कुणी प्रत्येक आवाजावर ऑइल ओतत सुटू नये म्हणून सांगतो. सरळ रस्त्याला शिट्टीसारखा सूर येतोय आणि अॅक्सिलरेटर दाबला-सोडला की तो बदलतोय, तर ते क्राऊन-पिनियन किंवा पिनियनचं बेअरिंग, त्याला ऑइलने थोडे दिवस गप्प करता येईल, बरं नाही करता येणार. स्पीडबरोबर वाढणारी गुणगुण जर गाडी डावी-उजवीकडे झुकवल्यावर कमी-जास्त होत असेल तर चाकाचं बेअरिंग बघा. गिअर टाकताना एकदाच धप्प होतंय तर बुश, जॉइंट. आणि टायर वेडेवाकडे झिजले असतील तर ते पण डिफसारखेच घोंगावतात. शिवाय आवाज ऐकायला एक्सप्रेसवेवर जाऊ नका, तिथे काँक्रिटच इतकं बोलतं की कुठलीही गाडी आजारी वाटते.

आणि पाण्याचं. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीत घुसलं, त्या दिवशी माझ्या मेहुण्याने त्याची एसयूव्ही चाकं बुडतील एवढ्या पाण्यातून काढली आणि इंजिन बंद पडलं नाही म्हणून खूश होता. डिफला हवा खेळायला एक ब्रीदर असतो, गरम डिफ गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि तिथून, सीलमधून, पाणी आत ओढलं जातं. त्याचं ऑइल काढलं तेव्हा दुधाच्या चहासारखं निघालं, दिवाळीला. तीन महिने बेअरिंग त्यात फिरत होती. पाण्यातून गाडी काढली असेल तर किलोमीटर मोजत बसू नका, भरायचा बोल्ट उघडून बोट बुडवून बघा, दुधाळ दिसलं की त्याच आठवड्यात बदला.

तर संपादक महोदय, विनंती एवढीच की तुमच्या त्या पानावर महिन्यातून एकदा तरी कोपऱ्यातली चौकट अशा गोष्टींना द्या. आणि गॅरेजवाल्यांना तुमच्यामार्फत सांगणं, बिलावर नुसतं गिअर ऑइल असं लिहू नका, ग्रेड लिहा, किती घातलं ते लिहा, मॉडिफायर टाकलं की नाही ते लिहा, आणि असेंब्लीचं एस्टिमेट द्यायच्या आधी निघालेलं ऑइल गिऱ्हाइकाला दाखवा. एक पांढरा कागद आणि दोन थेंब, टॅब नाही लागत त्याला.

आपला,
एक वाचक, कोथरूड

ता.क. जुनं ऑइल काका ड्रममध्ये साठवतात, रिसायकलवाला घेऊन जातो. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात येतं. आमच्या सोसायटीत मात्र एक सद्गृहस्थ दर पावसाळ्याआधी स्कूटरचं काळं ऑइल गेटच्या बिजागऱ्यांना लावतात आणि उरलेलं चेंबरमध्ये ओततात. ते तुमचाच पेपर घेतात, म्हणून इथे लिहिलं.